कापणीच्या दिवसातली फटफटी

भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारं, कापायला आलं की आमच्या भागात हवेचा वासच बदलतो. बांध्यांतलं, म्हणजे धानाच्या शेतांतलं पाणी आटलेलं असतं, चिखल वरून सुकून त्याला बारीक भेगा पडत असतात, आणि कापून आडव्या टाकलेल्या कडपा उन्हात तापल्या की एक गोडसर, किंचित कुबट वास गावावर येऊन बसतो. सकाळी तलावावर धुकं असतं. दुपारी विळ्यांचा करकर आवाज. चार वाजत नाहीत तोच दिवस उतरायला लागतो. हेच दिवस मंडईचेही, म्हणजे गावोगावच्या जत्रेचेही. दिवाळी झाली की आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, दंडारीच्या खेळाचे ढोल वाजतात, आणि मिलिटरीतली पोरं सुट्टीवर येतात. ती आली की रस्त्यावर फटफट्यांचे आवाज वाढतात.

हायवे आमच्या बांध्यांपासून दीडेक मैल असेल, भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या अलीकडे. तिथला आवाज वारा असला तर इथवर येतो. आवाज आला की माझा विळा थांबतो. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे ते माझ्या कानाला अजून कळतं. चढ चढली, सरळ लागली, आता पोरानं मूठ पिरगाळली. मग आवाज बारीक होत होत विरून जातो, आणि मी पुन्हा मुठीत धान धरतो. बायको शेजारच्या ओळीत असते. पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, "काय आयकून राहिले?" आता विचारत नाही. ती दोन ओळी पुढे निघून जाते आणि माझी वाट पाहते.

मी फौजेत डिस्पॅच रायडर होतो. म्हणजे एका ठिकाणचे कागद दुसऱ्या ठिकाणी पोचवणारा मोटारसायकलवाला. पहाडातल्या रस्त्यांवर चालवली, वाळूत चालवली, एकाहत्तरच्या लढाईत दिवा न लावता चालवली. एकदाही पडलो नाही. युनिटच्या गेटवर संतरी उभा असायचा. डोक्यावर हेल्मेट नसेल, हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल, तर तो दांडा वर करत नसे. मग तुमच्या पिशवीतला कागद कितीही तातडीचा असो. आम्हाला त्याचा राग यायचा. पण पट्टा बांधायची सवय इतकी झाली होती की मोकळ्या डोक्यानं किक मारायला गेलो तर चुकल्यासारखं वाटायचं.

ही सवय रजेच्या गाडीत बसेपर्यंत टिकायची. भंडारा रोडला उतरलो की ती फलाटावरच राहून जायची.

लढाई होऊन दोन वर्षं झाली होती. त्या साली धान चांगलं आलं होतं आणि माझी रजा बरोबर कापणीत पडली होती. माझ्याकडे स्वतःची मोटारसायकल होती. गावात तेव्हा दुसरी नव्हती. मी गल्लीतून निघालो की म्हाताऱ्या दारात येऊन बघायच्या.

गजानन त्याच वेळी सुट्टीवर आला होता. गजानन म्हणजे माझा जवाई, धाकट्या बहिणीचा नवरा; पण त्याआधी तो माझा दोस्त होता. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच रांगेत बनियानवर उभे राहिलो. तो पायदळात गेला, मी गाड्यांकडे. पुढे मीच बापाला सांगून कौसल्या त्याच्या घरी दिली. तो उंच होता आणि फार कमी बोलायचा. लढाईत त्याच्या बाजूची माणसं गेली होती. त्याबद्दल त्याला विचारलं तर तो धानाची लोंबी तोडून तळहातावर चोळायचा, दाणे फुंकून तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "अवंदा दाना भरला हाय."

आमच्या गावची मंडई झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. कौसल्या दोन वर्षांच्या विलासला घेऊन आमच्याकडेच होती. गजाननला मात्र आपल्या गावी, साकोलीच्या पुढे जायचं होतं. त्याच्या बापानं धानाचे भारे बांधून ठेवले होते, ते खळ्यावर आणून पुंजणं रचायचं होतं. तो बसनं जाणार होता. मीच म्हणालो, "बसनं कायले जातं? मी सोडून देतो. दीड घंट्यात पोचवतो तुले."

जेवण उशिरा झालं. आम्ही निघालो तेव्हा साडेतीन वाजले असतील. कौसल्या अंगणात उभी होती, विलास तिच्या कमरेवर. ती म्हणाली, "दादा, मिलटरीत तर टोप घालतं ना डोक्यावर. मंग इथं काहून नाही?"

"इथं कोन पायते?" मी म्हणालो.

ती हसली. गजाननही हसला. त्यानं विलासच्या डोक्यावरून हात फिरवला, मागे बसला, आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवला.

लाखनीला चहा घेतला. एक ओळखीचा मास्तर भेटला, त्यात वेळ गेला. तिथून निघालो तेव्हा सूर्य पाठीमागे अगदी खाली आला होता आणि आमची सावली रस्त्यावर लांबच लांब पुढे धावत होती. दोन्ही बाजूंना बांध्या, काही कापलेल्या, काही उभ्या. बैलबंड्या भारे घेऊन खळ्यांकडे चालल्या होत्या आणि त्यांच्यातून सांडलेलं तणीस, धानाचा पेंढा, रस्त्यावर जागोजागी पडलं होतं. गार वारा तोंडावर येत होता. मला त्या वेळी काय वाटत होतं हे मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. मागे दोस्त होता, पुढे मोकळा रस्ता होता, आणि मला अडवणारं कोणी नव्हतं.

गजानन माझ्या कानाशी म्हणाला, "जरा धीरे. धान पडलं हाय रस्त्यावर."

मी म्हणालो, "तू पायदळ. तुले फकस्त चालाचं मालूम."

आणि मी मूठ आणखी पिरगाळली.

सूर्य बुडाला होता, पण उजेड होता म्हणून मी दिवा लावला नव्हता. समोरून एक ट्रक दिवे लावून आला. तो गेला आणि डोळ्यांपुढे क्षणभर काळोख झाला. त्या काळोखातून एक ढीग वर आला. ती भाऱ्यांनी वरपर्यंत लादलेली बंडी होती, आमच्याच दिशेनं चाललेली. मी ब्रेक दाबला. चाक तणसावर होतं.

मला शुद्ध आली तेव्हा माझा उजवा पाय माझा वाटत नव्हता. बैल फुरफुरत होते. एक म्हातारा रस्त्यात बसला होता, गजाननचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो आपल्या धोतराचा सोगा त्या डोक्याला दाबून धरत होता. तो सारखं एकच म्हणत होता, "उठ ना बापा. उठ ना." लढाईतून चालत परत आलेला माणूस घरापासून सात-आठ मैलांवर गेला. कपाळाच्या वर, जिथे हेल्मेटची कड येते त्याच्या आत, तेवढीच जखम होती. बाकी अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

म्हाताऱ्याचं नाव डोमाजी. पोलीस आले, त्यांनी मला दवाखान्यात विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, "बंडीले कंदील नव्हता." हे खरंच होतं. त्यांनी लिहून घेतलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कौसल्येलाही मी तेच सांगितलं, तिच्या सासऱ्यालाही तेच. सगळ्यांच्या तोंडी ते वाक्य झालं. बंडीले कंदील नव्हता. डोमाजीला कितीतरी वेळा ठाण्यावर बोलावलं म्हणून ऐकलं. त्याच्या गावातली माणसंही त्याला म्हणत, मिलिटरीवाला मारला तू. मी मिलिटरीच्या दवाखान्यात पाय वर टांगून पडलो होतो आणि माझ्या उशाला येऊन सगळे त्या म्हाताऱ्याला शिव्या देत होते.

पाय जोडला, पण आखूड राहिला. मला पुन्हा मोटारसायकल दिली नाही. गाड्यांच्या पार्कात, गेटजवळच्या खोलीत बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद, ब्रेक बघणं, दिवे बघणं, हेल्मेट बघणं. ज्या संतरीचा मला राग यायचा त्याचंच काम माझ्याकडे आलं. मी ते इतकं कडक करायचो की पोरं मला वैतागायची. पण गेटच्या आत काही होत नव्हतं. जे व्हायचं ते बाहेर, रजेवर. दर वर्षी कुठून तरी तार यायची. कोणी लग्नाला जाताना, कोणी बाजारातून येताना, कोणी दोस्ताची गाडी नुसती फिरवून बघताना. सीमेवर धडधाकट राहिलेली पोरं.

एके दिवशी मी सुभेदार साहेबांना म्हणालो, "साहेब, रजेवर जाणाऱ्यांसमोर मला दोन मिनिटं बोलू द्या."

ते म्हणाले, "बोलो. पर दो ही मिनट. गाडी का टाइम होता है."

तिथून मी बोलायला लागलो. ट्रंका भरून तयार असलेल्या पोरांसमोर उभं राहून बोलणं सोपं नसतं. त्यांचं मन केव्हाच घरी पोचलेलं असतं. मी म्हणायचो, गेटच्या आत डोकं जेवढं कच्चं आहे तेवढंच गेटबाहेर आहे. दारू घेऊन बसू नका. चपला घालून चालवू नका. तिघं बसू नका. अंधार पडायच्या आधीच दिवा लावा. मग मी सांगायचो, माझा जवाई गेला, बंडीला कंदील नव्हता. पुढे मी साहेबांना सांगून आणखी एक गोष्ट करून घेतली. ज्याच्याकडे गावी मोटारसायकल असेल त्यानं रजेवर जाताना स्टोअरमधून जुनं हेल्मेट उसनं न्यायचं आणि परत आणून द्यायचं. काही जण न्यायचे. परत आले की हसत सांगायचे, "उस्ताद, गावातले लोक म्हणतात, डोक्यावर गंज घालून कुठं चालला?" गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. मीही हसायचो. हसत हसत का होईना, पोरगं समोर उभं असायचं.

दिलीप नावाचा एक सिपाही होता. तरतरीत, प्रश्न विचारणारा. बोलणं झाल्यावर तो मागे थांबला. हेल्मेट त्याच्या काखेत होतं. म्हणाला, "उस्ताद, बैलगाडीला कंदीलच नसेल तर आपण काय करणार? चालवणाऱ्याची काय चूक त्यात?"

मी म्हणालो, "काही नाही. नशीब."

तो सॅल्यूट करून गेला. तीन आठवड्यांनी त्याचा भाऊ युनिटमध्ये आला, कागदपत्रांसाठी. सोबत ते हेल्मेट होतं, धुतलेल्या कापडात बांधलेलं. त्यानं ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे घरीच राहिलं होतं." रस्ता मोकळा होता. बैलगाडी नव्हती, ट्रक नव्हता, काही नव्हतं. वळणावर वेग होता एवढंच.

मी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर खोलीचं दार लावून बसलो. या पोराला मी काय शिकवलं होतं? कंदील नसलेल्या बैलगाडीला भ्यावं, एवढंच. स्वतःच्या मुठीला भ्यावं हे मला त्याला सांगायचं होतं. ते सांगायला मला आधी माझी मूठ दाखवावी लागली असती.

त्याच्या पुढच्या रजा पार्टीसमोर मी उभा राहिलो आणि पहिल्यांदा सगळं बोललो. गाडी मी चालवत होतो. दिवा मी लावला नव्हता. तो मला धीरे म्हणाला होता आणि मी त्याची थट्टा केली. म्हाताऱ्याचा दोष मी पोलिसांना लिहू दिला. दोन मिनिटांच्या वर वेळ गेला असेल, पण सुभेदार साहेबांनी घड्याळ पाहिलं नाही. त्या दिवशी स्टोअरमध्ये हेल्मेटं कमी पडली.

पण जे अनोळखी पोरांना सांगितलं ते बहिणीला सांगितलं नव्हतं. पुढच्या कापणीत रजा घेतली आणि साकोलीची बस धरली. कौसल्या खळं सारवत होती. शेणाच्या पाण्यात हात कोपरापर्यंत. मी उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर सांगणं झालं नसतं. ती सारवत राहिली. मग तिनं विचारलं, "धीरे म्हणाले होते?"

"हो."

"जोरानं म्हणाले?"

"नाही. नेहमी बोलायचा तसंच."

तिनं उरलेलं खळं सारवलं, कडेपर्यंत नीट. मग हात धुतले आणि घरात गेली. मी बसची वेळ होईपर्यंत अंगणात उभा राहिलो. ती बाहेर आली नाही. त्यानंतर दोन वर्षं ती ना मंडईला आली, ना भाऊबीजेला.

डोमाजीच्या घरीही गेलो. तो वारला होता. सुनेनं खाट टाकली, पाणी दिलं. मी कोण ते सांगितल्यावर ती घाबरली. तिला वाटलं पुन्हा चौकशी आली. मी म्हणालो, चूक माझी होती, हे सांगायला आलो. मग म्हणाली, "आमचे मामाजी मंग कधी बंडीवर बसलेच नाही जी. बंडी पोराच्या हाती द्याचे आन् मागून पैदल चालाचे, कंदील घेऊन. दुपारी बी. भर उनात कंदील लावून चालाचे. पोट्टे हसत होते."

हे तिनं तक्रारीसारखं सांगितलं नाही. सासरा कसा होता ते सांगावं तसं सांगितलं. तेव्हापासून मला दिसतं ते हेच. गजानन दिसत नाही, रक्त दिसत नाही. भर दुपारचा हायवे, बंडी, आणि तिच्या मागे जळता कंदील घेऊन चाललेला एक म्हातारा.

पेन्शनवर येऊन आता दोन कापण्या झाल्या. यंदा मंडईच्या आठवड्यात कौसल्येच्या गावाकडचा एक माणूस तिचा निरोप घेऊन आला. निरोप एवढाच होता, "दादाले सांग, विलास सुट्टीवर आला. फटफटी घेऊन हिंडून राहिला."

विलास मागच्या साली भरती झाला, ते मला लोकांकडून कळलं होतं. मी गेलो तेव्हा तो अंगणात होता. बापासारखा उंच. दोस्ताची गाडी दाराशी उभी होती. कौसल्येनं मला बसायला सांगितलं, चहा दिला. केस पांढरे झाले होते तिचे. मग ती त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मले सांगतलं तसंच याले सांग. डोमाजीचं बी सांग. काही सोडू नको."

मी सांगितलं. एवढ्या वर्षांत इतक्या पोरांना सांगितलं होतं, पण याला सांगताना शब्द जागेवर सापडत नव्हते. विलास खाली बघत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "मामा, बाबानं तुमाले धरलं होतं का?"

"खांद्यावर हात होता. एक."

"कोनता?"

मला सांगता आलं नाही. डावा की उजवा. मी दोन्ही खांद्यांवर तो हात आठवून पाहिला. कौसल्या माझ्याकडे बघत होती. शेवटी मी म्हणालो, "नाही आठवत, बेटा."

तो उठला. "मले जागा दाखवा."

गाडीची किल्ली त्यानं आईच्या हातात दिली आणि आम्ही बसनं निघालो. सोळा वर्षांत त्या रस्त्यानं मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा खिडकीकडे पाठ करून बसलो होतो. साकोली मागे टाकून, लाखनी यायच्या आधी एका फाट्यावर उतरलो. दुपार टळली होती. बांध्यांत बाया भारे बांधत होत्या. एकापाठोपाठ दोन ट्रक गेले आणि आमच्या अंगावर धूळ आली.

मी चालत राहिलो, थांबलो, मागे वळलो. रस्ता रुंद झाला होता. कडेची झाडं तोडलेली होती, मोऱ्या नव्या बांधलेल्या. एक चढ होता असं मला पक्कं आठवत होतं, तो चढच राहिला नव्हता. ज्या जागेनं मला इतकी वर्षं झोपू दिलं नाही ती जागा मला सापडेना.

विलासनं बराच वेळ वाट पाहिली. मग एका मैलाच्या दगडाशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "इथं असन, मामा. इथंच समजू."

मला हो म्हणता आलं असतं. पोराची तेवढ्यावर समजूत पटली असती, माझीही पटली असती.

"नाही," मी म्हणालो. "इथं नाही."

त्यानं मान हलवली. "मंग चाला समोर."

आम्ही रस्त्याच्या कडेनं साकोलीच्या बाजूला चालायला लागलो. दिवस उतरत होता. थोडं गेल्यावर तो माझ्या पलीकडे आला आणि गाड्यांच्या बाजूनं चालू लागला.